अळणी भाताचा गुन्हा

नोव्हेंबर १६७५. तुम्ही गोव्याच्या सासष्टीतल्या एका गावचे गावकार आहात. आजोबांना बाटवलं तेव्हा ते पोर होते. वडिलांचा बाप्तिस्मा जन्मतःच झाला, तुमचाही. नाव पोर्तुगीज, आडनाव पोर्तुगीज, दर रविवारी मिस्साला हजेरी. मांडवीच्या धक्क्यावर उतरवून दोन माणसांनी तुम्हाला गोवा शहराच्या चढणीने वर आणलं आहे. आता तुम्ही कॅथेड्रलसमोरच्या मोठ्या चौकात उभे आहात. समोर तीन दारांची भव्य इमारत. एके काळी हा आदिलशाही वाडा होता. पोर्तुगिजांनी शहर घेतल्यावर काही दशकं त्यांचे गव्हर्नर इथे राहिले. १५६० पासून इथे इन्क्विझिशनचं, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाचं, बिऱ्हाड आहे. गावाकडचे लोक इमारतीचं नाव घेत नाहीत, नुसतं ‘व्हडलें घर’ म्हणतात. थोरलं घर.

देह त्या गावकाराचा असला तरी डोकं तुमचं आहे, एकविसाव्या शतकातलं. त्यामुळे आत काय दिसणार याची चित्रं तयारच आहेत: खिळ्यांनी भरलेलं लोखंडी कपाट, तोंडात घालून उघडायचे पेचदार सांडस, भिंतीवर वाळलेलं रक्त, दररोज पेटणारी चिता.

दार उघडतं. आत दहा बाय दहा फुटांची कोठडी आहे. भिंतींना चुना लावलेला. वर उंचावर गजांची खिडकी, तिच्यातून उजेड येतो. झोपायला चटई, पाण्याची भांडी, कोपऱ्यात झाडू. सकाळी पेज येते, दुपारी आणि रात्री भात नि मासळी. गोऱ्या कैद्यांना पाव मिळतो. इथेही पंक्ती वेगळ्या आहेत. बोलायला बंदी आहे. रडायलाही बंदी, मोठ्याने प्रार्थना म्हणायलाही. पहारेकरी ओसरीवरून फिरत असतो आणि शेजारच्या कोठडीत कोण आहे हे तुम्हाला महिनोन्‌महिने कळत नाही.

हे सगळं आपल्याला कळलं ते मुख्यतः शार्ल डेलों या फ्रेंच वैद्यामुळे. तो याच वेळी याच इमारतीत आहे. दमणला पकडून १६७४ च्या जानेवारीत त्याला इथे आणलं. सुटून फ्रान्सला परतल्यावर १६८७ साली त्याने आपली हकीकत छापली. ती युरोपभर गाजली, आणि कॅथलिकांशी वैर असलेल्या देशांत तर हत्यारासारखी वापरली गेली. म्हणून ती जपून वाचावी लागते. पण ज्याच्यावर इतका अन्याय झाला तो माणूसही भिंती स्वच्छ होत्या, जेवण वेळेवर येई असं लिहून ठेवतो. त्यामुळे त्याच्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास जास्तच बसतो.

सकाळी तुम्हाला किंकाळ्या ऐकू येतात. त्याही डेलोंने नोंदवल्या आहेत, याच नोव्हेंबर-डिसेंबरातल्या. यातना खऱ्या होत्या, त्याबद्दल शंका नको. फक्त त्यांची साधनं चित्रातली नव्हती. ते खिळ्यांचं कपाट एका जर्मन लेखकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या गोष्टीतून जन्मलं, आणि एकोणिसाव्या शतकात न्यूरेंबर्गला तुकडे जोडून लोकांना दाखवलं गेलं. पोर्तुगीज इन्क्विझिशनजवळ दोन गोष्टी असत. एक कप्पी: हात मागे बांधून दोरानं वर ओढायचं आणि झटक्यानं खाली सोडायचं. दुसरा लाकडी घोडा: त्यावर आडवं बांधून दोऱ्या पिळत न्यायच्या. खोलीत वैद्य असे, लेखनिक असे, आणि कैदी काय ओरडला तेही लिहून घेतलं जाई. दोरी कितीदा पिळायची हे अगोदर मतदान करून ठरलेलं. मला हे कपाटापेक्षा जास्त भयंकर वाटतं. हे कुणा विकृत माणसाचं काम नव्हतं. मतं मोजून ठराव करणारी माणसं ते करत होती.

काही आठवड्यांनी तुम्हाला बोलावणं येतं.

लांबलचक दालन. टोकाला भिंतीवर जवळपास छतापर्यंत पोचणारा क्रूस. मध्ये ओट्यावर मोठं मेज, त्यामागे उंच पाठीच्या खुर्च्या. या मेजालाच ते ‘मेझा’ म्हणतात, आणि न्यायपीठाचंही तेच नाव. खुर्चीत फ्रान्सिस्कु देल्गादु इ मातुश बसला आहे, चाळिशीचा इन्क्विझिटर. बाजूला लेखनिक, तुमच्याजवळ दुभाषा. पवित्र पुस्तकावर हात ठेवून तुम्ही खरं बोलण्याची आणि इथलं बाहेर न सांगण्याची शपथ घेता.

“नाव? आईबाप? गाव? बाप्तिस्मा कुठे?”

तुम्ही सांगता.

“तुला इथे का आणलंय, ठाऊक आहे?”

“नाही, सिन्योर.”

“आठवून बघ. हे न्यायालय दयाळू आहे. मनापासून कबूल करणाऱ्याला क्षमा मिळते.”

संपलं. आरोप कुठला, तो कुणी केला, कधी, कशाबद्दल, यातलं काहीही तुम्हाला सांगितलं जात नाही. तुम्हाला परत कोठडीत नेतात. पुन्हा काही दिवसांनी तोच प्रश्न, त्यानंतर पुन्हा एकदा.

या गोष्टीजवळ थांबा, कारण खरं भय इथे आहे. साक्षीदारांची नावं आरोपीपासून कायम लपवलेली असतात. आपला गुन्हा आपणच ओळखायचा. त्यामुळे रात्रभर चटईवर पडून तुम्ही आयुष्य उसवत बसता. पोराला गोवर आला तेव्हा बायकोने नदीपलीकडच्या घाडीकडे नवस बोलला होता, ते असेल? फोंड्याच्या बाजूला राहिलेल्या चुलतभावाच्या लग्नाला तुम्ही गुपचूप गेला होता, ते? एकादशीला तुमची आई काही खात नसे, ते कुणी पाहिलं? शेतीच्या बांधावरून ज्याच्याशी भांडण झालं, त्याने काही सांगितलं असेल? तुम्ही यातलं एक कबूल करता. इन्क्विझिटर मान हलवतो: एवढंच? आणखी असेल. आणि तिथे कोण कोण होतं? मनापासूनच्या कबुलीत सोबत्यांची नावं येतात, तशी ती आली नाहीत तर कबुली अपुरी. अपुरी कबुली म्हणजे खोटी, आणि खोटी म्हणजे आगीची वाट. तुम्ही नावं देता. सासऱ्याचं, शेजाऱ्याचं, त्या दिवशी नारळ फोडणाऱ्या म्हाताऱ्याचं. तुमच्या आठवणींतून पुढच्या वर्षाचे कैदी तयार होतात.

ज्यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनला रोज माणसं भाजणारी भट्टी ठरवलं, त्यांना हे मेज दिसलंच नाही. आणि आज ‘फार थोडे मारले’ म्हणून सुटकेचा श्वास सोडणाऱ्यांनाही ते दिसत नाही.

१२ जानेवारी १६७६, रविवार. पहाट व्हायच्या आधीच पहारेकरी तुम्हाला उठवतात. काळे-पांढरे पट्टे असलेले कपडे देतात. अंधाऱ्या ओसरीवर शे-दोनशे माणसं भिंतीला टेकवून उभी केली आहेत, आणि दोन वर्षं शेजारी राहिलेली माणसं आज पहिल्यांदा एकमेकांचे चेहरे बघतात. कोणी बोलत नाही. तुमच्या अंगावर पिवळा अंगरखा येतो, पुढेमागे तांबडा तिरका क्रूस असलेला. हा सांबेनितू. म्हणजे तुम्ही आज मरणार नाही. ज्यांना आगीत जायचं आहे त्यांच्या करड्या कपड्यावर त्यांचंच चित्र काढलेलं असतं, खाली ज्वाळा आणि भोवती सैतान. शेवटच्या क्षणी कबुली देऊन वाचलेल्यांच्या कपड्यावर ज्वाळा उलट्या, टोकं खाली. जादूटोण्याच्या आरोपींच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या उंच टोप्या.

उजाडायच्या सुमारास कॅथेड्रलची मोठी घंटा वाजते आणि शहर जागं होतं. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली आहेत. प्रत्येक कैद्यासोबत शहरातला एक प्रतिष्ठित नागरिक चालतो, त्याचा ‘धर्मपिता’ म्हणून. डोमिनिकन साधूंचं निशाण पुढे, मागे अनवाणी तुम्ही. दगडगोट्यांनी पाय रक्ताळतात. गल्ल्यागल्ल्यांतून सगळ्यांना दाखवत ही मिरवणूक सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पोचते. तिथे एक ऑगस्टिनियन पाद्री प्रवचनात इन्क्विझिशनची तुलना नोहाच्या तारवाशी करतो. तारवात प्राणी जसे गेले तसेच बाहेर आले, पण या पवित्र घरात लांडगे शिरतात आणि कोकरं होऊन निघतात, असा त्याच्या बोलण्याचा रोख. मग एकेकाचं नाव घेऊन शिक्षा वाचली जाते. डेलोंला मालमत्तेची जप्ती, हिंदुस्तानातून हद्दपारी आणि पोर्तुगालच्या गॅलींवर, म्हणजे वल्ह्यांच्या जहाजांवर, पाच वर्षं. तुम्हाला फटके, काही वर्षं सांबेनितू घालून फिरणं आणि जप्ती. शेत गेलं. इतरांपैकी कोणी दारूगोळ्याच्या कारखान्यात, कोणी मोझांबिकला.

शेवटी दोघांचा निकाल येतो. दोघंही इथलीच बाटलेली माणसं, आरोप जादूटोण्याचा. चर्च त्यांना स्वतः मारत नाही. ‘लौकिक हाताच्या’, म्हणजे सरकारच्या, स्वाधीन करताना त्याने त्यांच्याशी दयेने वागावं अशी विनंती रीतसर लिहून देतं. हात तोच, आग तीच, आणि नदीकाठी लाकडं आदल्या दिवशीच रचून ठेवली आहेत. चर्चने कोणाला जाळलं नाही, हे आजही कधीकधी ऐकू येणारं वाक्य या एका विनंतीपत्रावर उभं आहे. मला ते वाक्य ऐकवत नाही. मरताना ख्रिस्ती धर्मात मरतो म्हणणाऱ्याचा आधी गळा आवळून मग प्रेत जाळत. तसं न म्हणणारा जिवंत जळत असे.

आता आकडे बोलायला हवेत. १५६१ ते १७७४ या काळात गोव्याच्या इन्क्विझिशनने १६,२०२ माणसांवर खटले चालवल्याची गणना आहे. त्यांपैकी प्रत्यक्ष जाळलेले ५७ आणि पळालेल्या किंवा आधीच मेलेल्यांचे पुतळे जाळलेले ६४, असं सांगता येतं. हजारांत चारांहून कमी. कोठडीत मेलेले या ५७ मध्ये नाहीत. स्पेनच्या बाबतीतही असंच घडलं. एकेकाळी तिथल्याच इन्क्विझिशनचा सचिव असलेल्या योरेंतेने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाळलेल्यांचा आकडा ३१,९१२ मांडला आणि तो शंभर वर्षं पुस्तकांतून फिरला. पुढे खटल्यांचे वार्षिक अहवाल तपासले गेले तेव्हा १५४० ते १७०० मधल्या ४४,६७४ प्रकरणांत प्रत्यक्ष मृत्युदंड झालेले ८२६ निघाले. म्हणजे लाखोंची कत्तल ही दंतकथा. पण ५७ हा आकडा घेऊन जे समाधानाने बसतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. ज्या संस्थेचं खरं काम माणसाला आपल्याच घरच्यांची नावं द्यायला लावणं होतं, तिचं मोजमाप चितांच्या संख्येने करायचं तरी कसं? १६,२०२ हाच आकडा पुढे ठेवायला हवा. आणि त्या प्रत्येकामागे रात्री उठून तुळस उपटणारं एक घर.

जुन्या गोव्यात एक दगडी खांब दाखवतात, हातकातरो खांब. इथे इन्क्विझिशनवाले हिंदूंचे हात तोडत, असं सांगतात. इन्क्विझिशनच्या शिक्षांत फटके, गॅली, हद्दपारी, जप्ती, दंड आणि आग आहे. हात तोडणं त्यात नाही. तो खांब जुन्या देवळाचा दगड घेऊन उभारलेला आहे आणि तसले शिक्षेचे खांब नगरपालिका उभारत, धर्मन्यायालय नव्हे. ही कथा चुकीची आहे असं म्हटलं की काही लोकांना राग येतो, जणू आपण पोर्तुगिजांची बाजू घेतली. उलट आहे. खोटा पुरावा पुढे केला की समोरचा तेवढाच खोडून काढतो आणि खरा पुरावा बघायला थांबत नाही.

तसंच दोषाचंही. मागे जा, १५६६ ला. तुमच्या आजोबांच्या लहानपणाच्याही अगोदर नवी देवळं बांधायला आणि जुनी परवानगीशिवाय दुरुस्त करायला बंदी घालणारा हुकूम निघतो. तो व्हाइसरॉयचा आहे, आणि पुढच्या वर्षी देवळं पडतात त्यात सरकारी अधिकारी आणि जेझुइट दोघंही आहेत. तिसवाडीतली देवळं तर इन्क्विझिशन यायच्या वीस वर्षं आधीच, १५४० ला पडली. कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळला गेला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला, ती या मूर्तिभंजनाच्या धाकाने. फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवं असं मागितलं, हे खरं. पण तो १५५२ ला वारला. आठ वर्षांनी आलेल्या न्यायालयात तो कधी बसला नाही. १६८४ चा देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा फतवा तेव्हाच्या व्हाइसरॉयचा, आलव्होरच्या काउंटचा, संभाजीराजांनी गोव्याला धडक दिल्याच्या पुढच्याच वर्षीचा. त्यावर इन्क्विझिशनची सही नाही. हे सगळं एका खात्यावर टाकलं की सरकार, आर्चबिशप, साधूंचे संघ सगळे मोकळे सुटतात. हो, पण इन्क्विझिशन या भाषेच्या वैरातून मोकळं नाही: १७३१ मध्ये एका इन्क्विझिटरने राजाला कळवलं की या लोकांच्या आत्म्यांचा नाश होतो त्याचं मूळ कारण म्हणजे ते अजून आपली बोली बोलतात.

आणखी एक गैरसमज याच ओघात सुधारून घ्या, की इथे फक्त हिंदू छळले गेले. न्यायालयाचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्यांवर. ज्यू वंशाच्या पोर्तुगिजांपासून सुरुवात झाली. गार्सिया द ऑर्ता, ज्याने १५६३ मध्ये याच शहरात इथल्या झाडापाल्यावरचं मोठं पुस्तक छापलं, तो १५६८ ला मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना ज्यू म्हणून जाळली गेली, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून त्यांनाही आगीत घातलं. हळूहळू मेजापुढे तुमच्यासारखी माणसं वाढली, जुन्या देवाची आठवण न सुटलेली. धर्मांतर न केलेले हिंदूही सुटले नाहीत. ख्रिस्ती नातेवाइकाला विधीत सामील केलं, बाटणाऱ्याला अडवलं, म्हणून त्यांनाही पकडलं जाई. वसई, चौल, दमणपर्यंत न्यायालयाचे प्रतिनिधी होते. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथली ही हद्द संपली. पण कैद्यांच्या मोठ्या संख्येचा हिशेब केला तर आज गोव्यात मिस्साला जाणारी कॅथलिक माणसंही याच छळलेल्यांची नातवंडं-पणतवंडं आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून इन्क्विझिशनचा जाब विचारणं हा अन्याय आहे, आणि तो मी अनेकदा पाहतो.

आता साठ वर्षं पुढे या. एप्रिल १७३६. तेच गाव. जप्तीनंतर तुमच्या मुलानं पुन्हा थोडी जमीन उभी केली, आणि आता तुमच्या पणतीचं लग्न आहे. रविवारी चर्चमध्ये इन्क्विझिशनचं एक फर्मान वाचून दाखवलं जातं. ते संपतच नाही.

लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. वधूच्या घरून वराकडे फुलं, विडे, सुपारी, पोळ्या पाठवायच्या नाहीत. तांदूळ कांडायचा, तेल-हळद लावायचा विधी नाही. मेल्याच्या नावानं जेवण घालायचं नाही. एकादशीला उपास नाही. घराजवळ, परसात, शेतात तुळस दिसली तर लगेच उपटायची. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. हिंदू नावानं कुणाला हाक मारायची नाही. आणि हिंदू रांधतात तसा मिठाशिवाय भात शिजवायचा नाही.

तुम्ही मांडवाच्या मागच्या अंगणात आहात. चुलीवर मोठा हंडा, भात उकळतोय. गड्याच्या बायका बघतायत, स्वैपाकीण बघतेय, शेजारची विहीणबाई बघतेय. यांच्यापैकी कोणालाही परवा बोलावणं येऊ शकतं आणि त्या खोलीत तिला विचारतील: कोण कोण होतं, भात कसा होता? घरातली म्हातारी मिठाची वाटी हातात घेऊन हंड्याजवळ जाते आणि सगळ्यांना दिसेल असं, वरून, मीठ घालते. जात्याशेजारी कोणीतरी ओवीचा एक शब्द तोंडात आणते आणि गिळते. या घरातून कोणीही आगीत जाणार नाही. तरी इन्क्विझिशनला जे हवं होतं ते इथे, या चुलीपाशी, पूर्ण झालं आहे.

१७७४ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल हे न्यायालय बंद करतो, चार वर्षांनी ते पुन्हा सुरू होतं, आणि १८१२ मध्ये कायमचं संपतं. पुढे ते थोरलं घरही पाडलं जातं. दोन-अडीचशे वर्षांचे खटले, कबुलीजबाब, नावांच्या याद्या यांचे ढीग पडले होते. त्यांच्यातले निवडक कागद तेव्हा पोर्तुगालचा दरबार जिथे होता त्या रिओ दि जानेरोला पाठवले गेले, आणि बाकीच्यांची होळी झाली. म्हणून इतिहासकाराला गोव्याचं इन्क्विझिशन तुकड्या-तुकड्यांनी जुळवावं लागतं. रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला पत्रव्यवहार, लिस्बनमधली दफ्तरं, डेलोंसारख्यांच्या हकिकती. मुंबईत मराठी संशोधन मंडळाच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली हेच जुळवून ‘द गोवा इन्क्विझिशन’ हे पुस्तक लिहिलं. मराठी माणसानं केलेलं हे काम आजही वाचल्यावाचून या विषयात पाऊल टाकता येत नाही.

लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक हस्तलिखित सूची आहे. जुआंव देल्गादु फिगैरा या गोव्याच्या इन्क्विझिशनमधल्याच अधिकाऱ्याने १६२३ मध्ये तोवरच्या ३,८०० खटल्यांची ती तयार केली. माणूस कोण, कुठला, काय केलं म्हणून धरला, काय शिक्षा झाली, एकेका ओळीत. एवढ्या माणसांची एवढी माहिती वाचली ती या सूचीमुळे, नाहीतर तीही जळून गेली असती. तुम्ही आज ज्याचं आयुष्य जगलात त्या गावकाराचा खटला १६७५ चा. तो या सूचीत नाही. १६,२०२ च्या एकूण संख्येत तो एक आहे, त्याचं नाव कुठेही नाही. त्याने त्या मेजापुढे कोणाकोणाची नावं सांगितली, त्यांतल्या किती जणांना पुढच्या वर्षी आणलं, आणि बांधावरचं ते भांडण खरोखरच खटल्याचं कारण होतं का, या प्रश्नांची उत्तरं त्या ढिगाबरोबर गेली. जे वाचलं त्यावरून आपण विचारू शकतो ते एवढंच की कुठल्या गावांतून, कुठल्या वर्षांत, कुठल्या आरोपाखाली किती माणसं आणली गेली. एवढं विचारायलाही अजून पुष्कळ काम बाकी आहे.